परक्याची बैठक ओसरीवर

खानदेशांतील जुना वाडा ज्यानें पाहिला असेल त्यास एक गोष्ट सहज आठवेल. बाहेरून येणारा मनुष्य प्रथम ओसरीवर बसे. पाणी, विचारपूस, व्यवहाराचें बोलणें, सारें तेथेंच होई. माजघराकडे जाणारें दार निराळें असे. यांत पाहुण्याचा अपमान नव्हता, घराची ती रीतच होती. आपल्या हातांतील मोबाइल व शाळेंतील संगणक यांसही हीच रीत असावी, असें माझें मत आहे.

संगणक सुरू होतांच फायली, पडदा व कळफलक यांचा कारभार जी हातीं घेते ती ऑपरेटिंग सिस्टिम. तिला आपण मूळ प्रणाली म्हणूं. ब्राउझर हा इंटरनेटवरील पानें आणून दाखविणारा. अनोळखी ठिकाणांहून आलेला मजकूर, चित्रें व आज्ञावल्या तो दिवसभर उघडीत असतो. म्हणजे परक्यांची सर्वांत मोठी वर्दळ त्याच्याच दाराशीं.

१९९८ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज ९८ काढलें, त्यांत इंटरनेट एक्स्प्लोरर हा ब्राउझर मूळ प्रणालींत अगदीं विणून टाकला होता. त्याच वर्षीं अमेरिकेच्या सरकारनें कंपनीवर खटला भरला. तंटा मक्तेदारीचा होता, सुरक्षिततेचा नव्हे. परंतु दोन्ही वस्तु एकजीव केल्या म्हणजे एकीचें छिद्र दुसरीस भोंवतें, हें पुढें अनुभवानें कळलें. आमच्यापैकीं जे एम्.एस्.-सी.आय्.टी.च्या वर्गांत बसले त्यांतील कित्येकांस तर पडद्यावरील तें निळें अक्षर म्हणजेच इंटरनेट वाटे! तो ब्राउझर १५ जून २०२२ रोजीं विंडोज १०वर निवृत्त झाला.

पालकांस अधिक जवळची गोष्ट मोबाइलची. अँड्रॉइडमध्यें ॲपच्या आंत इंटरनेटचें पान दाखविणारा 'वेबव्ह्यू' नांवाचा एक भाग असतो. पूर्वीं तो मूळ प्रणालींत जखडलेला असे. तो दुरुस्त करावयाचा तर फोन बनविणाऱ्यानें सबंध प्रणालीच नवी पाठवावी लागे, आणि स्वस्त फोनांच्या वांट्यास तें भाग्य क्वचित् येई. २०१४ सालच्या ५व्या आवृत्तीपासून हा भाग सुटा झाला व प्ले स्टोअरवरून त्याची डागडुजी होऊं लागली. आपल्या घरांत फोन वडिलांकडून थोरल्याकडे व थोरल्याकडून धाकटीकडे जातो. तिच्या हातीं येईतों मूळ प्रणाली म्हातारी झालेली असते. ब्राउझर सुटा आहे म्हणूनच तो तरी ताजा राहूं शकतो.

संगणकाचेंही तेंच. विंडोज ७ची सर्वसाधारण डागडुजी १४ जानेवारी २०२० रोजीं थांबली, पण क्रोम ब्राउझर त्यावर २०२३च्या आरंभापर्यंत नवा होत राहिला. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला; त्यावरील एज ब्राउझरची दुरुस्ती मात्र निदान ऑक्टोबर २०२८पर्यंत चालू ठेवूं, असें मायक्रोसॉफ्टनें सांगितलें आहे. ज्या शाळेस दर चार वर्षांनीं नवीन संगणक घेणें परवडत नाहीं, तिला ही सवड मोठी आहे.

तथापि एक कबुली दिली पाहिजे. दोन घरें वेगळीं केलीं कीं दोन चुली पेटवाव्या लागतात. गूगलनें आपल्या क्रोम-ओएस प्रणालींतून क्रोम ब्राउझर वेगळा करण्याचा 'लॅक्रोस' नांवाचा प्रयत्न कित्येक वर्षें केला व २०२४ सालीं तो सोडून दिला. शिवाय मूळ प्रणालीची भिंतच ढांसळली असेल तर नव्या ब्राउझरनें ती सांवरत नाहीं. तरीही सुटेपणाचा पक्षच मला बरा वाटतो. कारण वरचेवर बिघडणारी वस्तु वरचेवर दुरुस्त करतां आली पाहिजे, आणि त्यासाठीं सबंध घर उकलण्याची पाळी येऊं नये.

म्हणून जुना फोन मुलास देण्यापूर्वीं पालकांनीं प्ले स्टोअर उघडून क्रोम व 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू' यांस नवी आवृत्ति मिळते कीं नाहीं, हें पाहावें. मिळत असेल तर तो अभ्यासास खुशाल द्यावा. मिळेनाशी झाली असेल तर त्यावरून बँकेचें ॲप व पैसे पाठविण्याचें ॲप आधीं काढून टाकावें, आणि उतरवून घेतलेलीं पाठ्यपुस्तकें वाचण्यापुरताच तो ठेवावा.