वैमानिकाचा नकार शिरोधार्य हवा!

पावसाळा लागला की उजळाईवाडीच्या विमानतळाविषयीची एक तक्रार आमच्या कानी हटकून येते. विमान कोल्हापूरच्या माथ्यावर आले, दोन घिरट्या घालून न उतरताच परत गेले. अथवा तिकडून निघालेच नाही. प्रवासी रागावतात. कोणाचे मुंबईतील न्यायालयाचे काम बुडते, कोणाची इस्पितळातील वेळ चुकते, कोणाला घरच्या कार्यास पोहोचता येत नाही. ‘एवढा काही पाऊस नव्हता, आम्हाला तर रस्ता स्वच्छ दिसत होता,’ असे म्हणून बहुधा सारा दोष वैमानिकाच्या माथी मारला जातो. प्रवाशांची गैरसोय खरी आहे, ती आम्ही कमी लेखीत नाही. परंतु तो दोष मात्र अन्याय्य आहे, आणि असा अन्याय वारंवार होऊ लागला तर एखाद्या दिवशी त्याची फार मोठी किंमत द्यावी लागेल, हे आज स्पष्ट शब्दांत सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

विमान चालविण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत वैमानिक डोळ्यांनी जमीन, क्षितिज व इतर विमाने पाहून मार्ग काढतो. तिचे नियम साधे आहेत. दहा हजार फुटांखाली निदान 5 किलोमीटरपर्यंत स्पष्ट दिसले पाहिजे. ढगांपासून आडवे 1,500 मीटर व उभे 1,000 फूट अंतर राखले पाहिजे. आपल्या देशात सूर्यास्तानंतर 20 मिनिटांनी ही रीत सामान्यतः बंद होते. या अटी जेथे संपतात तेथे दुसरी रीत सुरू होते. तीत वैमानिक खिडकीबाहेर न पाहता समोरच्या उपकरणांवर विसंबून उडतो. ही रीत ज्याला येत नाही, अथवा जिच्या विमानात वा विमानतळावर सोयी नाहीत, त्याने ढगात शिरावयाचेच नाही.

डोळ्यांना दिसत नसले तरी अनुभवी माणसाला अंदाज येत नाही काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर आम्हाला आमच्या जुन्या शिक्षकी पेशात मिळाले होते. मधल्या सुटीत मुले आंधळी कोशिंबीर खेळत. डोळे बांधलेल्या मुलाला दोन-चार गिरक्या देऊन सोडले की तो आपण सरळ चाललो आहोत अशा खात्रीने भलतीकडेच जाई, आणि इतर मुले हसत. त्या मुलाची खात्री खोटी नव्हती. त्याचा कान त्याला फसवीत होता. शरीराचा तोल सांभाळणारी इंद्रिये कानाच्या आतल्या भागात असतात आणि वळण मंद व दीर्घ असले की त्यांना ते वळण जाणवेनासे होते. ढगातील वैमानिकाचे हेच होते. विमान एका अंगावर कलून खाली घसरत असताही आपण सरळ उडत आहोत, असेच त्याला वाटते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने 1954 साली उपकरणोड्डाणाचे शिक्षण नसलेल्या 20 वैमानिकांची परीक्षा घेतली. क्षितिज दिसेनासे झाल्यावर विमान त्यांच्या हातून सुटावयास सरासरी किती अवधी लागला? अवघे 178 सेकंद! तीन मिनिटेही नव्हेत. अनुभवाने आलेला आत्मविश्वास येथे उपयोगी पडत नाही. तोच घात करतो.

या फसवणुकीवर मनुष्याने उपाय शोधला तो 1929 साली. 24 सप्टेंबर रोजी जेम्स डूलिटल या अमेरिकी वैमानिकाने झाकलेल्या कक्षात बसून, बाहेरचे काहीही न पाहता विमान उडविले, फिरविले व उतरविले. फिरत्या भोवऱ्याच्या तत्त्वावर चालणारे कृत्रिम क्षितिज व दिशादर्शक, सूक्ष्म उंचीमापक आणि नभोवाणीचे संकेत हे त्याचे सोबती होते. आपल्याकडे 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईस टपाल आणले, तेव्हा त्यांच्या चिमुकल्या विमानाला मार्गदर्शन करणारी कोणतीही नभोवाणी नव्हती. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, म्हणून टाटांच्या टपाल विमानांना त्या महिन्यांत पुण्याचा आश्रय घ्यावा लागे. त्या धाडसी पिढीनेही पावसाशी हट्ट धरला नाही, हे आजच्या उतावळ्यांनी ध्यानात ठेवावे.

उपकरणांवर उडण्याचा अधिकार सहजी मिळत नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार उमेदवाराने विमानाचा प्रमुख म्हणून 50 तासांचा गावोगावचा प्रवास आणि 40 तासांचे उपकरणोड्डाण केलेले असावे लागते. या 40 तासांपैकी ठराविक तासच जमिनीवरील सदृशक यंत्रात मोजले जातात. बाकीचे आकाशातच पुरे करावे लागतात. हवामानशास्त्र, मार्गशोधन आणि नियम यांच्या परीक्षा वेगळ्या, डोळे, कान व हृदय यांची वैद्यकीय तपासणी वेगळी. एवढे करून मिळालेली पात्रताही जन्मभराची नसते. आपल्या देशात दर वर्षी परीक्षकासमोर बसून ती नव्याने सिद्ध करावी लागते. आम्हा शिक्षकांना एकदा पदवी मिळाली की पुन्हा कोणी परीक्षेस बसविले नाही. वैमानिकाला तो आराम नाही, आणि असूही नये.

हे सारे नियम कोरड्या कागदावर जन्मले नाहीत. प्रत्येकाच्या मागे कोठे तरी चिता पेटलेली आहे. 12 जुलै 1949 रोजी खराब हवामानात मुंबईकडे येणारे एक डच विमान घाटकोपरच्या टेकडीवर आदळले आणि 45 माणसे प्राणास मुकली. 7 जुलै 1962 च्या रात्री इटलीचे एक जेट विमान बँकॉकहून मुंबईस येत होते. आपण मुंबईच्या फार जवळ आलो आहोत अशा चुकीच्या समजुतीने वैमानिकाने ते वेळेआधी खाली आणले. प्रत्यक्षात मुंबई सुमारे 84 किलोमीटर दूर होती आणि खाली जुन्नरच्या परिसरातील डोंगर होते. 94 जणांपैकी एकही वाचला नाही. नेमून दिलेली किमान सुरक्षित उंची पाळली गेली नाही, हे चौकशीत निष्पन्न झाले.

ती किमान उंची म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना समजावयास दूर जावे लागणार नाही. डोंगराळ मुलखात, विशिष्ट मार्ग नेमून दिलेला नसेल वा विमान प्रत्यक्ष उतरत नसेल तर, 8 किलोमीटरांच्या आतील सर्वांत उंच अडथळ्याच्या माथ्यावर निदान 2,000 फूट अंतर राखावे, असा दंडक आहे. पन्हाळ्याचा माथा समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून अधिक उंच आहे. म्हणजे पन्हाळ्याच्या आसपास ढगात असलेल्या विमानाला पाच हजार फुटांखाली यावयास मज्जाव आहे. आपण ज्या धुक्यात पन्हाळ्यावर कांदाभजी खात रमतो, तेच धुके वैमानिकाच्या दृष्टीने दगडाची भिंत लपविणारा पडदा असतो.

उपकरण तरी चुकणार नाही कशावरून? चुकते. 1 जानेवारी 1978 रोजी मुंबईहून दुबईकडे निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे विमान उड्डाणानंतर 101 सेकंदांत वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळले. 213 प्राण गेले. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश, आणि प्रमुख वैमानिकापुढील क्षितिजदर्शक बिघडलेला! म्हणूनच एका उपकरणाचे म्हणणे दुसऱ्याशी व तिसऱ्याशी सतत ताडून पाहावे, ही सवय शिक्षणात मुरविली जाते. आंधळा विश्वास कोठेच कामाचा नाही. तो डोळ्यांवरही नको आणि एका काट्यावरही नको.

आता उतरण्याविषयी. ज्या धावपट्टीवर नभोवाणीची दिशा व उतार दाखविणारी पूर्ण यंत्रणा असते, तेथे तिच्या पहिल्या श्रेणीत वैमानिकाला जमिनीपासून 200 फुटांपर्यंत ढगातून खाली येता येते. धावपट्टीवरील दृश्यता निदान 550 मीटर असावी लागते. जेथे साधी सोय असते तेथे ही मर्यादा कित्येक पट वर असते. त्या उंचीवर धावपट्टी वा तिचे दिवे दिसले नाहीत तर दुसरा विचार नाही. विमान वर घ्यावयाचे. म्हणूनच टर्बाइन इंजिनाच्या विमानात मुक्कामापर्यंतच्या इंधनाबरोबर दुसऱ्या विमानतळापर्यंतचे आणि वर अर्ध्या तासाचे इंधन ठेवलेले असते. परत जाणे हे अपयश नव्हे. ते आधीपासून आखलेल्या योजनेचे एक अंग आहे.

राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने 39 फूट गाठले की इशारा, 43 फूट गाठले की धोका, हे आपल्या शहरातील शाळकरी पोरही जाणते. ‘अजून दोन इंच आहेत, बसू या घरात,’ असे म्हणणाऱ्यास आपण शहाणा म्हणत नाही. वैमानिकाची किमान उंची व किमान दृश्यता हीदेखील अशीच धोक्याची रेषा आहे. नदीच्या रेषेशी आपण घासाघीस करीत नाही. मग आकाशाच्या रेषेशी ती का करावी?

ही घासाघीस सामान्य प्रवाशापेक्षा मोठ्या माणसांकडून अधिक होण्याचा संभव असतो. सभा ठरलेली असते, लोक उन्हात बसलेले असतात, आणि भाड्याचे विमान वा हेलिकॉप्टर दारात उभे असते. 30 सप्टेंबर 2001 रोजी कानपूरच्या सभेस निघालेले माधवराव शिंदे उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ खराब हवामानात विमान कोसळून सात सहप्रवाशांसह गेले. 2 सप्टेंबर 2009 रोजी आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी नल्लमलाच्या डोंगरात पावसाळी ढगांत हेलिकॉप्टरसह नाहीसे झाले. या प्रसंगी कोणी कोणावर दडपण आणले असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ढगाला प्रवाशाचे पद कळत नाही, एवढेच आम्हास सांगावयाचे आहे. जो नेता वैमानिकाला ‘जमते का बघा’ असे सौम्य शब्दांत म्हणतो, त्यानेही हे लक्षात घ्यावे की त्याचा सौम्य शब्द पगारी माणसाच्या कानी हुकूम म्हणून पडतो. खरा दरारा असलेल्या माणसाने उलट म्हणावे, ‘तुम्ही नाही म्हणालात तर मी मोटारीने जाईन.’

परंतु नियम पाळा एवढे सांगून शासनाची सुटका होत नाही. छत्रपती राजाराम महाराजांच्या दूरदृष्टीने 1939 साली या शहराला विमानतळ लाभला. मार्च 2024 मध्ये त्याच्या देखण्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. इमारत भूषणावह आहे. परंतु ढगातून विमान उतरते ते इमारतीच्या बळावर नव्हे. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला, हे कोल्हापूर विसरलेले नाही. औषधे, मदत आणि अत्यवस्थ रुग्ण यांच्यासाठी आकाशमार्गाची निकड ज्या दिवशी सर्वाधिक असते, नेमक्या त्याच दिवशी डोळ्यांचे उड्डाण निरुपयोगी ठरते. म्हणून उपकरणांच्या सोयी ही श्रीमंतांची चैन नसून या पूरग्रस्त जिल्ह्याची गरज आहे.

आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली अशी की, मार्गदर्शक यंत्रणा, धावपट्टीचे दिवे आणि दृश्यता मोजणारी साधने वेळच्या वेळी तपासली जावीत व ती चालविणारी शिकलेली माणसे पुरेशी नेमावीत. बंद पडलेले उपकरण नसलेल्या उपकरणाहून घातक असते. दुसरी अशी की, उपग्रहाधारित ‘गगन’ यंत्रणेचा लाभ लहान विमानतळांना प्राधान्याने द्यावा. 28 एप्रिल 2022 रोजी राजस्थानातील किशनगढ येथे त्या यंत्रणेच्या साहाय्याने प्रवासी कंपनीचे विमान उतरविण्यात आले. धावपट्टीवर महागडी यंत्रे न उभारता हे साधले, मात्र विमान आणि वैमानिक दोघेही त्यास पात्र असावे लागतात. तिसरी मागणी अशी की, कोल्हापुरास लागू असलेली किमान दृश्यता किती आणि आज ती किती आहे, हे विमानतळावर मराठीत ठळक फलकावर लिहावे. कारण कळले की अर्धा राग ओसरतो.

राहिले आपण नागरिक. पुढच्या वेळी विमान परत फिरले तर संताप जरूर यावा. परतीच्या भाड्याबद्दल, निवाऱ्याबद्दल आणि वेळेवर माहिती न देण्याबद्दल कंपनीस जाब जरूर विचारावा. तो आपला हक्क आहे. वैमानिकाला मात्र जाब विचारू नये. धावपट्टी दिसली नाही म्हणून ज्याने विमान वर घेतले, त्याने त्या क्षणी आपली वाहवा, आपले वेळापत्रक आणि प्रवाशांचा रोष हे सारे बाजूस ठेवून आपल्या पाठीमागे बसलेल्या जिवांचा विचार केला. उशिरा का होईना, घरी आलेला माणूस हाच विमानविद्येचा खरा विजय होय.