छाप्याची बातमी होते, उपचाराचे काय?

डिसेंबर 2018 मध्ये मुंबईतल्या वाकोल्याचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी कक्षाने तिथे चौघांना पकडले. हाती लागलेला 100 किलो माल फेंटॅनिल असून त्याची किंमत 1,000 कोटी रुपये आहे, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. असे छापे पडायलाच हवेत. पण वाकोल्याच्या वस्तीतल्या एखाद्या आईला विचारा, पोरगा कशाने वाया गेला? ती फेंटॅनिलचे नाव घेणार नाही. व्हाइटनर, खोकल्याचे औषध, बटन गोळ्या, एमडी म्हणजे मेफेड्रोन. आणि या सगळ्यांच्या आधी घरात आलेली नवऱ्याची रोजची क्वार्टर, हेच ती सांगेल.

व्हाइटनर ओढणारा मुलगा रुमालावर चार थेंब टाकतो आणि तो मुठीत धरून नाकाशी नेतो. लांबून पाहणाऱ्याला वाटते, सर्दी झाली असेल. बोटांवरचे पांढरे डाग आणि कपड्यांना येणारा उग्र वास घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत शाळा सुटलेली असते. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेली देशव्यापी पाहणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार हुंगण्याच्या नशेचे प्रमाण प्रौढांत 0.58 टक्के, तर 10 ते 17 वयाच्या मुलांत 1.17 टक्के आहे. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आढळलेली ही एकमेव नशा.

दारूबद्दल याच पाहणीत म्हटले आहे की, तिच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांमागे जेमतेम एकाला काही उपचार मिळतात. 2015 च्या जूनमध्ये मुंबईतल्याच मालवणीत विषारी दारूने शंभरावर बळी घेतले, तेव्हा सरकार हलले. एकेकटा मरणारा मात्र कुणाच्या हिशेबात येत नाही. घरचे त्याला शपथा घालतात, देवाला नवस बोलतात, शेवटी खोलीत कोंडतात. हे कोंडणे जिवावर बेतू शकते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, फिट येते, भास होतात. दारू सोडवायची ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच.

‘पोलीस उचलतील’ या भीतीने गर्द किंवा एमडी घेणाऱ्यांची घरे तोंड उघडत नाहीत. अमली पदार्थ कायद्याच्या कलम 64अ नुसार, सेवन किंवा अल्प प्रमाणात बाळगणे एवढ्यापुरता आरोप असलेला व्यसनी स्वतःहून उपचार घेणार असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. हे पोलीस ठाण्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत का लिहीत नाहीत?

अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. वांद्र्याला फादर जो परेरांची कृपा फाउंडेशन त्याआधीपासून काम करते आहे. संस्थांनी आपला वाटा उचलला. आता महापालिकेने उचलावा. तिचा ‘आपला दवाखाना’ संध्याकाळी उघडा असतो, आणि मजूर, रिक्षावाले त्याच वेळी मोकळे असतात. तिथे आठवड्यातून दोन दिवस तरी व्यसनमुक्तीचा समुपदेशक बसवा, औषधे फुकट द्या. सुरुवात वाकोल्यापासून करा. तोवर घरात कुणी या फेऱ्यात सापडला असेल, तर 14446 हा सरकारी मदत क्रमांक फुकट आहे. आजच फोन करा.