पिऊन आलेल्या माणसाला झोपेची गोळी द्यावी का?

मैत्रिणींनो, लोणच्याला बुरशी का येते, मुलांच्या डब्यात काय द्यावं, असं आपण या पानावर नेहमी मोकळेपणी बोलतो. आजचा विषय मात्र आपण दार लावून, आवाज खाली आणून बोलतो. पण न बोलल्यानं जीव जाऊ शकतो, म्हणून आज लिहायचंच ठरवलं.

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला आमची बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरच्या वहिनी. केस सुटलेले, अंग थरथरतंय आणि हातात सासूबाईंच्या झोपेच्या गोळ्यांची पट्टी. म्हणाल्या, "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. ह्यांना ताकात दोन गोळ्या विरघळवून देऊ का? आज फार चवताळलेत. पोरं मोरीत कडी लावून बसलीत."

मी बी.ए. झाले ती मराठी घेऊन. गोळ्यांतलं मला काय कळणार? मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावला. ते ताडकन म्हणाले, "एकही गोळी देऊ नका! त्यांना मधुमेह आहे ना? लगेच १०८ ला फोन करा." आमचे हे आणि शेजारचे दोघे वर गेले, मुलांना आमच्या घरी आणलं आणि गाडी आल्यावर वहिनींबरोबर मीही दवाखान्यात गेले. त्या रात्री आणि पुढच्या तीन दिवसांत तिथल्या डॉक्टरांकडून जे समजलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट ही, की दारू मेंदूचं काम मंद करते आणि झोपेची गोळीही तेच करते. एकीवर दुसरी पडली की श्वास घेण्याची प्रेरणाच मंदावते. त्यातच उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. आपल्याला घोरणं ऐकू येतं आणि वाटतं, सुटलो बाई, झोपले एकदाचे! पण ते घोरणं कधीकधी गुदमरण्याचं असतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आरडाओरडा करणारा प्रत्येक प्यायलेला माणूस केवळ दारूनंच तसं करतो असं नाही. वहिनींच्या यजमानांच्या बोटाला टोचून रक्तातली साखर पाहिली, ती निघाली ४१! सकाळी मधुमेहाची गोळी घेतलेली, दिवसभर पोटात अन्न नाही आणि वर दारू. शिरेतून ग्लुकोज दिलं आणि त्याबरोबर बी-वन, म्हणजे थायमिनचं इंजेक्शन. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात हे जीवनसत्त्व फार कमी असतं. त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अर्ध्या तासात तेच गृहस्थ खाटेवर बसून "मी इथं कसा आलो?" म्हणून विचारत होते. ताकातल्या गोळ्यांनी काय झालं असतं, या विचारानं वहिनींना रडू आवरेना.

साखरेसारखीच आणखी कारणं असतात. पडून डोक्याला मार लागलेला असतो, ताप असतो, दारूबरोबर गांजा किंवा दुसरंच काही घेतलेलं असतं. कधी दारूच विषारी असते. २०१५ साली मुंबईत मालवणीला अशा दारूनं शंभराहून अधिक माणसं गेली. प्यायल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धुकं आल्यासारखं दिसू लागलं, पोटात कळा आल्या, तर क्षणाचाही उशीर करू नका.

मग दवाखान्यात औषध देतच नाहीत का? देतात, पण आधी कारण शोधतात. शेजारच्या खाटेवर एक तरुण मुलगा होता. सिस्टरला लाथा मारत होता. डॉक्टरांनी आधी गर्दी बाहेर काढली आणि एकानंच हळू आवाजात त्याच्याशी बोलणं केलं. एवढ्यानं बरेचजण निवळतात म्हणे. तो निवळला नाही तेव्हा हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथॅझिन अशी इंजेक्शनं दिली. प्रोमेथॅझिन म्हणजे ऍलर्जीसाठी आपण ऐकतो तेच औषध. त्यानं गुंगी येते आणि हॅलोपेरिडॉलमुळे कधीकधी मान-जबडा आखडतो तोही टळतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये बेभान झालेल्या २०० मनोरुग्णांवर या जोडीची लोराझेपामशी तुलना केली होती. तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. शांत दोन्हींनी झाले, पण ही जोडी लवकर लागू पडली. पोटात दारू असेल तर लोराझेपामच्या जातीची औषधं श्वास मंदावतात, म्हणून तिथं डॉक्टर अधिकच जपून असतात. इंजेक्शननंतर त्या मुलाला कुशीवर निजवलं, बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला आणि सिस्टर दर थोड्या वेळानं नाडी, रक्तदाब, श्वास पाहत होत्या. ही राखण आपल्याला घरी करता येत नाही, म्हणून हे औषध घरचं नव्हे.

आता गंमत ऐका. गंमत कसली, धडाच म्हणा. तिसऱ्या दिवशी वहिनींच्या यजमानांचे हात थरथरू लागले, घाम फुटला, भिंतीवर झुरळं दिसू लागली. आणि डॉक्टरांनी दिलं ते लोराझेपाम, म्हणजे सासूबाईंच्या गोळ्यांच्याच जातीचं औषध! वहिनी चमकल्या. "मग त्या रात्री का नको म्हणालात?"

डॉक्टरांनी समजावलं. त्या रात्री दारू अंगात होती, आता ती उतरली आहे. रोज दारूची सवय झालेला मेंदू ती एकाएकी बंद झाली की भडकतो. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भास, भ्रम, ताप अशी अवस्था येऊ शकते. उपचार नाही मिळाले तर त्यात माणूस दगावतो. तिथं हेच औषध जीव वाचवतं. गोळी तीच, पण वेळ वेगळी. म्हणूनच रोज पिणाऱ्याला "आजपासून एक थेंब नाही" अशी शपथ घालून घरात कोंडू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा.

आपण घरी काय करायचं, तेही सांगते. मुलांना आधी दुसरीकडे पाठवा. सुरी, विळी, पोळपाट-लाटणं नजरेआड करा. वाद घालू नका, हिशोब काढू नका, हिशोब सकाळी. दाराकडची बाजू आपली ठेवा. लिंबू, कॉफी, ताक यांनी दारू लवकर उतरत नाही. यकृत आपल्या गतीनंच ती जिरवतं. घशात बोटं घालून उलटी काढू नका, डोक्यावर थंड पाण्याच्या बादल्या ओतू नका. पालथं पाडून कुणी पाठीवर बसू नये, जीव गुदमरतो. झोपले तर कुशीवर वळवा आणि अधूनमधून श्वास पाहा. हलवून जाग येत नसेल, श्वास थांबून थांबून येत असेल, ओठ निळे पडले, फिट आली, डोक्याला लागलंय किंवा माणूस मधुमेही आहे, तर १०८. मारहाण होत असेल तर ११२ किंवा स्त्रियांसाठीचा १८१. डॉक्टरांना काय, किती, केव्हा घेतलं आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत, सारं खरं सांगा. लाज तिथं ठेवू नका.

आणि हो, "त्यांच्या नकळत दारू सोडवा" असल्या जाहिरातींची पूड जेवणात कालवू नका. अशा पुडीत डायसल्फिराम असेल आणि वर दारू गेली, तर रक्तदाब एकदम उतरून प्राणावर बेतू शकतं. ते औषध घेणाऱ्याला माहीत असलंच पाहिजे.

सोडवायचा मार्ग आहे. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे. घरच्यांसाठी अल्-अनॉनच्या सभा असतात. टेलि-मानसला १४४१६ वर मराठीत बोलता येतं.

वहिनींचे यजमान सध्या उपचार घेताहेत. टिकेल का, ते आज कुणी सांगावं? पण सासूबाईंच्या गोळ्यांची ती पट्टी आता आमच्या कपाटात कुलपात असते. रोज रात्री नऊला वहिनी येतात आणि एक गोळी घेऊन जातात. तुमच्या घरातही अशी पट्टी असेल, तर आजच तिची जागा बदला.