जुनी बंदूक घेतली, तरी रानडुकरावर चालवता येईल का?

जालना : डुकरं, रोही मका-हरभरा तुडवतात, म्हणून जुनी दुनळी बंदूक घ्यायचा विचार बरेच शेतकरी करतात. पण घेणाऱ्याकडे आधी परवाना हवा. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं असतं. विनापरवाना सापडली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षं कैद. २० बोअर हलकी पडते, पण काडतुसं १२ बोअरसारखी सहज मिळत नाहीत. नळीला गंज, पोचा आहे का तेही बघावं.

खरी अडचण पुढं आहे. परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नाही. वन्यजीव कायदा १९७२ मुळं वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय डुक्कर मारणं गुन्हाच. म्हणून आधी नुकसानीचा पंचनामा अन् वन विभागाकडं अर्ज. बंदुकीचा सौदा नंतर.