मासे खुशाल आहेत ना?

‘मासे मजेत पोहताहेत ना? मग पाण्यात करंट कुठला आलाय?’ हा सिद्धान्त मी तीन विद्वानांच्या तोंडून ऐकला आहे. पहिला आमचा वायरमन, दुसरे शेजारचे काका आणि तिसरा मी स्वतः. मी बी.कॉम. आहे, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल.

चिरंजीवांच्या हट्टापायी दिंडोशीतल्या आमच्या दोन खोल्यांत काचेची टाकी आली. कुर्ल्याच्या बाजारात माशांबरोबर दुकानदाराने फिल्टर, हवेचा पंप, दिवा आणि हीटरही गळ्यात मारला. (मुंबईत माशांना हीटर! इथे मे महिन्यात माणसं शिजतात.) चौघांची मिळून भूक दीडशे वॅट, म्हणजे पाऊण अँपिअरसुद्धा नाही. ‘लोडच नाय साहेब,’ म्हणत वायरमनने एक्स्टेन्शन बोर्ड टाकीखाली जमिनीवर ठेवून दिला. टाकीतून पाणी ठिबकलं तर पहिलं तीर्थ त्यालाच!

एका रविवारी सौभाग्यवतीने टाकीत हात घालून काच पुसायला घेतली. पायाखाली ओली लादी. ती एकदम किंचाळली. मी पेपरातून मान वर न काढता वरचा सिद्धान्त ऐकवला. ती म्हणाली, ‘मासे काही अनवाणी लादीवर उभे नाहीत!’

सगळं शास्त्र त्यात आलं. तारेवरचा कावळा मजेत असतो, कारण करंटला त्याच्यातून जमिनीकडे वाट नसते. काचेच्या टाकीतल्या माशाचंही तसंच. वाट करून देतो तो हात घालणारा माणूस. हीटरच्या काचेला केसाएवढी चीर गेली होती.

‘पण एमसीबी आहे की!’ इति काका. अहो, सहा अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाचं हृदय बंद पाडायला अँपिअरचा दहावा हिस्सा पुरतो. एवढी चिल्लर त्याच्या खिजगणतीत नाही. चिल्लर मोजतो तो आरसीसीबी. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने परत आला की नाही, एवढंच तो बघतो. तीस मिलिअँपिअरची तूट दिसली की क्षणार्धात काउंटर बंद. आमच्या बँकेतही कॅश टॅली झाल्याशिवाय कुणाला घरी सोडत नाहीत.

काकांनी मात्र घरातला आरसीसीबी काढूनच टाकलाय. पावसाळ्यात ‘उगाच पडायचा’ म्हणे! म्हणजे चुका काढतो म्हणून ऑडिटरलाच घरी बसवायचं.

मी हीटर फेकला. बोर्ड भिंतीवर चढवला आणि प्रत्येक वायरला बोर्डाच्या खाली झोळ दिला; ओघळलेलं पाणी तिथूनच गळून पडतं. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवला, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं त्यात शिरतं. टाकीपुरता वेगळा आरसीसीबी बसवला, त्याचं टेस्टचं बटण दर महिन्याला दाबतो. तो पडला तर माशांची हवा बंद नको, म्हणून बॅटरीवरचा छोटा पंपही आणला. आणि हात घालण्याआधी सगळी बटणं बंद, हा घरचा वटहुकूम.

काका येऊन सगळं बघून गेले. ‘खर्च किती आला?’

सांगितला.

‘त्यात आणखी दहा गोल्डफिश आले असते की हो!’ ते हळहळले आणि घरी आपल्या टाकीत हात घालायला निघून गेले.