गहू 'जरा कमी' नको, आधी रक्त तपासा

"पोराचं पोट सारखं बिघडतंय? मग गहू जरा कमी कर." भिंगारमध्ये हा सल्ला हल्ली गिरणीवरच्या रांगेतही मिळतो. देणाऱ्याची माया खरी, पण सल्ला चुकीचा.

ग्लुटेन हे गव्हातलं, जवातलं प्रथिन, विष नव्हे. ज्याला गहू पचतो त्याची चपाती हिरावून काय मिळवायचं? "बिस्किटं बंद केली आणि पोरगं सुधारलं," असं सांगतात. सुधारणारच! चहात बुडवलेली खारी-बिस्किटं गेली की भूक लागते, मूल जेवायला लागतं. त्याचं श्रेय ग्लुटेनला कशाला?

उलट, ज्याला खरोखर सीलिअॅक आजार आहे, त्याचं 'जरा कमी'ने भागतच नाही. थोड्या ग्लुटेननेही आतड्याचं अस्तर झिजतं. वजन वाढत नाही, पोट फुगतं, रक्त कमी राहतं. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांचा गव्हावर आधीपासून संशय होता. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा अशी मुलं सुधारली आणि पाव परत येताच पुन्हा खालावली. अशा मुलाला गहू जन्मभर वर्ज्य.

"मग महिनाभर बंद करून पाहायला काय हरकत?" हरकत मोठी आहे. टीटीजीची रक्ततपासणी आणि दुर्बिणीतून काढलेला आतड्याचा तुकडा, दोन्हींचा निकाल मूल गहू खात असेल तरच भरवशाचा. आधीच बंद केला तर आतडं सावरू लागतं आणि आजार लपतो.

निदान झालंच तर आपल्या नगर जिल्ह्यात घाबरायचं कारण नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ग्लुटेन नसतंच. महागड्या पाकिटांवाचून काही अडत नाही. सांभाळायची ती गिरणी. गव्हाच्या दळणामागून ज्वारी टाकली की दगडांत आणि तोंडाच्या कापडी नळीत अडकलेलं गव्हाचं पीठ तिच्यात उतरतं. त्या मुलाचं धान्य घरघंटीवर वेगळंच दळावं. डबीतल्या हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ असतं, तेही वाचून घ्यावं.

बाकीच्या मुलांनाही भाकरी जरूर द्या, चवीसाठी आणि ताकदीसाठी. गव्हाच्या धास्तीने नको. आणि मुलाचे जुलाब रेंगाळत असतील, वजन अडलं असेल, तर थेट बालरोगतज्ज्ञांकडे जा. तपासण्या पुऱ्या होईपर्यंत त्याच्या ताटातली चपाती काढू नका.