दुकानदाराचा सवाल

मुंबईतील एका किराणा दुकानदाराने परवा आम्हांस केलेला सवाल भल्याभल्या मुत्सद्द्यांस निरुत्तर करील. त्याच्या काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का दरवर्षी नव्याने मारून घ्यावा लागतो. मुदत टळली की दंड ठरलेला! मग महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी, त्याचा दंड कोणी भरला? मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे घटनेचे २४३-यू कलम निःसंदिग्धपणे सांगते. प्रभागरचना व आरक्षण यांचे वाद न्यायालयात होते, हे खरे. परंतु तोवर अंदाजपत्रके प्रशासकानेच मांडली व त्यानेच मंजूर केली. आता २२७ नगरसेवकांनी त्या खर्चाचा हिशेब सभागृहात मागावा, एवढेच या गृहस्थाचे म्हणणे आहे, आणि आम्हांस ते सर्वस्वी रास्त वाटते.